पहिला नको

‘बाळ आजोबा’ हे नाव ऐकून कुणालाही हसू येईल, पण सगळ्यात आधी ते खुद्द बाळलाच आलं होतं. सत्तरी उलटलेला, दोनदा घटस्फोट झालेला, कानात अजून बाळी मिरवणारा हा माणूस इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जन्मला, पत्रिकेत पुरुषोत्तम होता आणि रॉकच्या दुनियेत पर्सी. गेल्या हिवाळ्यात तो न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला थोरल्या बहिणीकडे, मंदाताईकडे, राहायला आला आणि तिथल्या मराठी मंडळाच्या पोरांनी त्याला एका झटक्यात आजोबा करून टाकलं.

एके काळी इंग्लंडात त्याच्यासाठी मैदानं भरायची. खरं गाजलं ते एकच गाणं. त्यात तो गर्दीला विचारायचा, हे युद्ध हवंय का, हे सरकार हवंय का, आणि गर्दी त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातून उचललेला शब्द ओरडायची: नको! म्हणजे ओरडायची ‘नॅऽको’, आणि निम्म्यांना ते कुठल्याशा क्रांतिकारकाचं नाव वाटायचं; पण ओरडायची जीव तोडून. त्या एका शब्दावर बाळने अख्खी कारकीर्द काढली. मोर्च्यांत पुढे चालला, टीव्हीवर मंत्र्यांना तोंडावर सुनावलं, पोलिसांनी दोनदा धरलं. त्यातलं एकदा गाडी भलत्या जागी लावल्याबद्दल होतं, पण मुलाखतींत हा तपशील तो गाळत असे. आता त्याची क्रांती उरली होती ती अप्पर हटच्या काउन्सिलविरुद्ध, कचऱ्याच्या डब्यांच्या झाकणांवरून.

मंदाताईने मात्र ते गाणं कधी समोर बसून ऐकलंच नव्हतं. लग्न होऊन ती न्यूझीलंडला आली तेव्हा बाळ गिटारवर नुसता चाचपडत होता. पुढे त्याने पाठवलेली रेकॉर्ड तिने अर्धा मिनिट लावली, प्लेअर बिघडला असं समजून बंद केली आणि तुळशीच्या कुंडीखाली ठेवली. आता तिचा एक कान गेला होता, आणि दुसराही फार दिवस साथ देणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. तो जाण्याआधी ताईला आपलं गाणं ऐकवायचं, एवढं एकच आता बाळला हवं होतं. घरात गाऊन भागणार नव्हतं. गाणं अर्धं त्याचं, अर्धं गर्दीचं. उत्तर द्यायला समोर नुसता फ्रीज असेल तर त्यात काय राम?

म्हणून वल्लरी दारात आली तेव्हा त्याला देवच पावल्यासारखं झालं. मंडळातल्या सुलेखाची ही मुलगी इथेच जन्मलेली. मंडळाच्या वर्धापनदिनाची सूत्रं यंदा तिच्याकडे होती.

“किया ओरा, बाळ आजोबा!” तिने इथल्या माओरी रीतीने नमस्कार केला. “शनिवारी एक गाणं म्हणाल? प्लीज? इट वुड बी ऑसम.”

बाळला उडीच मारावीशी वाटली. पण तोंडाला वळण आईचं. चहा असो, लाडू असो, पहिल्या फटक्यात हो म्हणायचं नसतं. “छे ग, नको! आता कुठलं गाणं,” तो म्हणाला आणि आग्रहाची वाट बघत खुर्चीत सावरून बसला.

“ओह, स्वीट ॲज. नो वरीज!” वल्लरी म्हणाली, आणि पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत निघूनही गेली.

“हो म्हणायला काय दातखीळ बसली होती?” मंदाताई म्हणाली.

“विचारेल की पुन्हा.”

“ती इथे वाढलीय. तिच्यासाठी नको म्हणजे नको.”

बाळला जुनी आठवण टोचली. सरकारने त्याला मोठं सन्मानपदक देऊ केलं होतं, तेव्हाही त्याने असंच ‘नको’ म्हटलं होतं. वर्तमानपत्रांनी त्याच्या बाणेदारपणावर रकाने भरले. खरं सांगायचं तर ते पुन्हा एकदा विचारतील असं त्याला वाटलं होतं. पण सरकार थोडंच मराठी होतं!

मग त्याने आडून आडून सुचवायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, वल्लरी भेटली तेव्हा म्हणाला, “हल्ली गळा कसा मोकळा मोकळा वाटतो बघ.”

“दॅट्स ग्रेट, आजोबा! हळदीचं दूध?”

शनिवारी तो गिटार घेऊनच हॉलमध्ये शिरला. गाडीत उन्हाने तापेल, असं त्याने कुणी न विचारताच सांगितलं. बाहेर पाऊस पडत होता.

वल्लरीने त्याच्या दंडावर हात ठेवला. “डोंट वरी. मी सगळ्यांना सांगितलंय, आजोबांना फोर्स करायचं नाही. स्कूलमध्ये मी तुमच्यावर प्रोजेक्ट केलेला. यू नेव्हर बॅक डाउन!”

बाळने मनातल्या मनात स्वतःच्या बाणेदारपणाला एक सणसणीत शिवी हासडली.

जेवणं सुरू झाली. मंडळाच्या जुन्या सभासद शकुमावशी जिलेब्यांचं ताट घेऊन फिरत होत्या. बाळने पानावर हात आडवा धरला. “नको, नको, खरंच नको.” शकुमावशींनी हाताला वळसा घालून दोन जिलेब्या टाकल्या.

“मावशी!” वल्लरी किंचाळलीच. “ही सेड नो!”

“अगं, आपल्यात पहिला नको धरत नाहीत,” शेजारी बसलेली मंदाताई म्हणाली. “माणूस लाजतो. पुन्हा विचारायचं, आणि तरी नको म्हणाला तर वाढून मोकळं व्हायचं.”

वल्लरीने कोपऱ्यातल्या गिटारकडे पाहिलं, मग बाळकडे. “वेट. सो त्या दिवशीचा नको…”

“तसलाच. तेव्हापासून वाट बघतोय बिचारा.”

बाळचे कान लाल झाले. वल्लरी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. “आजोबा, गाणार?”

“नको ग, आत्ताच जेवलोय,” बाळच्या तोंडून निघून गेलं. जीभ चावावी तेवढी थोडी! वल्लरी गोंधळून मंदाताईकडे बघू लागली.

“बाळ, नाटकं पुरे,” मंदाताई म्हणाली. “मला ऐकायचंय. ऐकू येतंय तोवर ऐकायचंय.”

तो पाकाने चिकटलेल्या बोटांनीच उठला. आवाज पार फाटला होता. वरचा सूर लागलाच नाही. मधलं कडवं तो साफ विसरला आणि तिथे काउन्सिलचे डबे घुसडले. पण त्याने विचारलं, युद्ध हवंय? आणि सगळा हॉल गरजला: नको! स्वच्छ, घरचा नको. आयुष्यात पहिल्यांदा गर्दीने तो शब्द नीट उच्चारला, आणि बाळला रडू फुटलं. समोर मंदाताई चांगला कान पुढे करून बसली होती आणि ताल सोडून टाळ्या वाजवत होती.

शेवटी त्याला धाप लागली. गिटारवर रेलून त्याने गमतीने विचारलं, “थांबू?”

हॉलने तोंड उघडण्याआधीच मंदाताई ओरडली, “नको!”

लहानपणापासून त्याला ‘गप बस’ म्हणत आलेली बाई ती. हा नको लाजण्यातला नव्हता, हे बाळला स्पष्ट कळलं होतं. पण आपल्यात पहिला नको धरत नाहीत. म्हणून त्याने तिला पुन्हा विचारलं.