मधली पायरी

दुभाष्याला गावात सगळे साखरमामा म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. सत्तावीस वर्षं तो कचेरीच्या मधल्या पायरीवर उभा होता. वर साहेबाची खुर्ची, खाली अंगणात गावची माणसं, आणि मध्ये हा एकटा. दर बुधवारी सुनावणी. समुद्रापलीकडून राज्य करायला आलेल्यांना गावची भाषा येत नव्हती, शिकावीशीही वाटली नव्हती. गावाला त्यांची येत नव्हती. दोन्ही येणारा तेवढा हाच.

आणि काम काय बेमालूम करायचा! खालून कुणी ओरडलं, "या मेल्यांनी विहिरीला कुलूप घातलं, आमची गुरं तडफडून मेली," की हा वर सांगायचा, "हुजूर, पाण्याची थोडी अडचण आहे म्हणतात." वरून साहेब गुरकावला, "मरू देत गुरं, छावणीच्या घोड्यांना पाणी कमी पडता कामा नये," की हा खाली सांगायचा, "साहेब विचार करतील." दोन्हीकडची माणसं समाधानानं घरी जायची. गावात रक्त सांडलं नाही ते आपल्यामुळं, असं तो मनोमन मानायचा. वेडा कुठला! विहिरीचं कुलूप तसंच होतं. शाळेत आपल्या भाषेत बोलली म्हणून पोरांच्या हातावर उठलेले वळ तसेच होते. साहेबाला वाटायचं, काय गुणी रयत आहे. गावाला वाटायचं, साहेब विचार करतोय.

या बुधवारी अंगण गच्च भरलं होतं. सरहद्दीवरच्या लढाईसाठी पुन्हा घरटी एक तरुण हवा, असा हुकूम आला होता. सगळ्यांच्या पुढं उभा होता लोहार, साखरमामाचा सख्खा थोरला भाऊ. त्याची दोन पोरं मागच्या खेपेला नेली होती. आता धाकट्याची पाळी होती.

साखरमामाच्या पाठीशी आज त्याची मुलगी उभी होती. त्याची नजर अधू झाली होती, म्हणून कागद वाचून दाखवायला तिला पहिल्यांदाच आणलं होतं. साहेबाची भाषा त्यानंच तिला शिकवली होती, चुलीपुढं बसवून, मोठ्या कौतुकानं. आपल्यामागं मधली पायरी तिला मिळावी, एवढीच त्याची हौस.

लोहार म्हणाला, "विचार त्याला, माझी दोन पोरं कुठं आहेत? दोन वर्षांत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. ती डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिसरा मिळायचा नाही. न्यायला येईल त्याचा हात जागेवर ठेवणार नाही, हेही सांग."

साखरमामा वळला. "हुजूर, हा माणूस मुलांची खुशाली विचारतोय."

साहेब संत्रं सोलत होता. "तोच का तो लोहार? दोन वर्षांपूर्वीच तुला सांगितलं होतं ना, पहिल्याच आठवड्यात मेली म्हणून? खंदकात पुरली. की या लोकांना मेलेलंही कळत नाही? तिसऱ्याला फुकट जेवायला मिळेल, म्हणावं. उपकार मान."

साखरमामा खाली वळला. दोन वर्षांपूर्वी याच पायरीवरून त्यानं भावाला सांगितलं होतं, पोरं खुशाल आहेत, पत्र येईल. भावाचं ते तोंड बघवलं नव्हतं त्याला. एकदा सांगून बसल्यावर पुढं रोज तेच सांगावं लागलं. आजही त्यानं तेच केलं.

"दादा, साहेब चौकशी करतो म्हणतात."

"नाही, मोठे काका," मागून मुलगी म्हणाली. "असं नाही म्हणाले ते."

आणि तिनं सगळं सांगितलं. जसंच्या तसं. आठवडा, खंदक, फुकटचं जेवण, एकही शब्द गाळला नाही. दोन वर्षांपूर्वीचंही.

लोहारानं साहेबाकडं बघितलंसुद्धा नाही. तो भावाकडं बघत राहिला.

"तुला ठाऊक होतं?"

साखरमामाची मान खाली गेली.

"तुझी वहिनी रोज दोघांची अंथरुणं झटकून ठेवते रे. रोज."

"काय चाललंय?" साहेबानं विचारलं. "काय म्हणतोय तो?"

लोहार शांतपणे बोलला. "सांग त्याला, आज रात्रीत चालता हो. उद्या दिवस उजाडता आम्ही सगळे येतोय, आणि रिकाम्या हातानं येत नाही. आयुष्यात एकदा तरी खरं सांग."

खरं सांगितलं तर फाटकावरचे शिपाई आत्ताच भावाला धरतील, संध्याकाळपर्यंत फासावर चढवतील. नाही सांगितलं तर उद्या... उद्याचं त्याच्यानं बघवेना. एक भाऊ होता, तो समोर उभा होता. जिभेला सत्तावीस वर्षांची सवय होती.

"हुजूर," तो म्हणाला, "आभार मानतोय. उद्या सकाळी गावातली सगळी पोरं घेऊन हजर होतो म्हणतोय."

साहेब खूष झाला. "बघ! दोन शब्द कडक बोललं की झालं. उद्या पहाटेच फाटक उघडं ठेवा. शिपायांना सुट्टी द्या, गर्दीत उगाच अडचण." त्यानं लोहाराकडं बघून हसून हात हलवला.

"सांगितलंस?" लोहारानं विचारलं.

"सांगितलं, दादा."

"आणि तो हसतोय."

लोहार पाठ फिरवून निघाला. मागोमाग सगळं अंगण निघालं. नुसता चपलांचा आवाज येत राहिला.

साखरमामानं घाबरत मागं बघितलं. वरचं आणि खालचं, दोन्ही समजलेली त्याच्याशिवाय तिथं एकच होती. अजून साहेब खुर्चीतच होता, अजून बोलता आलं असतं.

"पोरी," तो पुटपुटला.

मुलीनं कागद जुळवले, दोरी बांधली. "चला बाबा, घरी चला," ती म्हणाली, आणि साहेबाला वाकून नमस्कार करून पायऱ्या उतरली.

दुपारी लोहाराचा भाता सुरू झाला, तो दिवस मावळला तरी थांबला नाही.