शहजादीखाला किल्ला बघायला जातात

उदगीरची अफसाना लग्नांचे फोटो काढून घर चालवायची, पण तिला खरी ओढ होती ती चालत्याबोलत्या माणसांचे चेहरे टिपायची. म्हणून लातूरच्या एका पर्यटन कंपनीने ‘आपला मराठवाडा’ या कॅलेंडरसाठी फोटो मागितले, तेव्हा ती खुशीत माहूरला गेली.

रेणुकामातेच्या पायऱ्यांवर शहजादीखालांचं बांगड्यांचं दुकान होतं. आधी सासूचं, तिच्याआधी तिच्या सासूचं. दर्शन घेऊन उतरणाऱ्या बाईचा हात हातात घेऊन खाला म्हणायच्या, “मूठ सैल सोड माय, दुखणार न्हाई.” अफसानाने नेमकं तेच टिपलं. नव्या नवरीने डोळे गच्च मिटलेले, आणि डोक्यावरची ओढणी सावरत खाला हसतायत.

कंपनीच्या अमरेशला फोटो आवडला. तरी तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला.

“मॅडम, बघणाऱ्याला एका नजरेत कळायला पाहिजे की हा महाराष्ट्र आहे. दुकानात नऊवारी नेसलेली, नथ घातलेली बाई बसवू. मॉडेल मी पाठवतो.”

“दुकान खालांचं आहे.”

“मग असं करू. त्यांचे हात ठेवू, चेहरा कापू. काय बिघडतंय?”

तो वाईट बोलला नव्हता. रोजचं काम असल्यासारखं बोलला होता. तेच अफसानाला जास्त लागलं. त्या दुकानात आपली अम्मी बसली असती, आपण बसलो असतो, तर? तिने फोटो परत घेतले आणि काम सोडलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा माहूरला गेली. खालांना झालेलं सगळं सांगितलं. खाला आधी मोठ्याने हसल्या. मग समोरच्या बांगड्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिल्या.

“चेहरा नको म्हणला? इथंच जल्मले, इथंच म्हातारी होऊन राहिले मी.”

अफसाना त्यांच्याजवळ पायरीवर बसली. तिने विचारलं, “खाला, तुम्हीच सांगा. तुमचा फोटो कसा पाहिजे?”

खालांनी समोरच्या डोंगराकडे बोट केलं. “तो किल्ला हाय ना, लोक कुठून कुठून बघायला येतेत. त्यांना रस्ता मीच सांगते. पण मी कधी गेले न्हाई बेटा. दुकान कोण सांभाळंल?”

“आज बंद ठेवा.”

“हाव? ठेवू?” खालांनी असं विचारलं, जणू कुणाची तरी परवानगीच लागत होती. मग त्यांनी खरंच दुकानाची फळी लावली.

किल्ल्याच्या वाटेवर त्या दोनदा दम खायला थांबल्या. वर पोचल्यावर मात्र बुरुजाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि खालचा तलाव, झाडी, दूरवरची शेतं बघत राहिल्या. कॉलेजातल्या दोन मुली सेल्फी काढत होत्या. खालांनी एकीचा गॉगल मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि अफसानाकडे वळून म्हणाल्या, “आता काढ. मी फिरायला आलेली बाई हाय.”

त्या फोटोवरून अफसानाला पुढचं सुचलं. जी माणसं पाहुण्यांच्या फोटोंत नुसती मागं दिसतात, त्यांनाच पाहुणं करायचं. उदगीरच्या किल्ल्याबाहेर फुलं विकणाऱ्या गौरम्माकाकू गळ्यातलं इष्टलिंग पदराबाहेर काढून, पोथीच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्यांचा डबा उघडून तटावर जेवायला बसल्या. मुखेडचे एसटी ड्रायव्हर लिंबाजी किती सहली माहूरच्या लेण्यांपर्यंत सोडून आले होते, पण दर वेळी गाडीतच झोपायचे. ते पहिल्यांदा आत गेले आणि खांबाला टेकून उभे राहिले. कसं उभं राहायचं, काय घालायचं, हे ज्याचं त्याने ठरवलं. प्रत्येक फोटोखाली नाव आणि गाव.

लातुरात एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन लागलं. पहिल्या दिवशी फारसं कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी लिंबाजींच्या डेपोतली माणसं बायकापोरांसकट आली, मग गर्दी वाढतच गेली. एक म्हातारा गौरम्माकाकूंच्या फोटोपुढे उभा राहून म्हणाला, “बाई आपल्याकडची दिसते,” आणि शेजारच्या खालांच्या फोटोकडे सरकत त्याच सुरात म्हणाला, “ही बी.”

अमरेशही आला. सगळं बघून झाल्यावर हळूच म्हणाला, “पुढच्या कॅलेंडरला खालांचा फोटो देता?”

“पूर्ण देईन. नावासकट.”

“वरच्यांना विचारावं लागेल.” तो घुटमळला. “पण विचारतो. भांडतो पाहिजे तर.”

प्रदर्शन बघायला आलेल्या खालांना हे सांगावं म्हणून अफसाना वळली, तर त्या गौरम्माकाकूंशेजारी खुर्चीवर बसून गप्पांत रंगल्या होत्या.

“बेटा,” त्या म्हणाल्या, “आज मी माहूरला जात न्हाई. ही उदगीरला चल म्हणून राहिली. हिचा किल्ला बघून येते.”

आणि दोघी पिशव्या उचलून बसस्टँडकडे निघाल्यासुद्धा.