वली पर्वताला धूर

शनिवारी सकाळी संग्रहालयाच्या साहेबांनी ताईच्या वली पर्वताला भोक पाडलं.

म्हणजे सुताराला पाडायला लावलं. स्वतः फक्त बोटानं जागा दाखवत होते. कारण मी. मी केलेल्या ज्वालामुखीतून धूर निघायचा. तो साहेबांना इतका आवडला की, प्रदर्शनासाठी केलेल्या चारही प्रकारच्या पर्वतांतून धूर निघालाच पाहिजे, असा हुकूम सुटला.

ताईचं डोकं फिरलं. चार महिने खपली होती ती. रबराचे सात रंगीत थर. हँडल फिरवलं की दोन्हीकडच्या फळ्या जवळ येतात, थर चेपतात आणि घड्या पडून वर उचलले जातात.

"साहेब, हा पर्वत दाबानं वर येतो. आत आग नाही, धूर कुठून येणार?"

"नळीतून," साहेब म्हणाले.

"आणि गट पर्वतातून? तिथे जमिनीला भेगा पडतात, मधला ठोकळा वर राहतो. तो अवशिष्ट पर्वत तर नुसता झिजून उरलाय!"

"मग त्यालाही द्या थोडा. बिचारा."

मला हसू फुटलं.

"काढ दात," ताई कडाडली. "तुझ्याच धुरानं घात केलाय मेल्या."

सोमवारी शाळकरी मुलांसमोर उद्घाटन. "हँडलला हात लावायचा नाही. मुलं मोडतील. धूर पुरे," साहेबांनी बजावलं.

ताई "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"ला आमच्या घरात वडीलसुद्धा घाबरतात.

मुलं आत येताच तिनं दातओठ खात हँडल गरागरा फिरवलं. थर उचलले गेले. मुलं ओरडली. घड्यांत चिमटलेली नळी फुगली, टेबलाखालच्या धुराच्या यंत्राजवळ सटकन निसटली आणि सगळा धूर शेजारी उभ्या साहेबांच्या पॅन्टच्या पायात शिरला. बघता बघता ते कॉलरमधून धुमसू लागले.

"हा पाचवा प्रकार का?" एका मुलीनं वही उघडून विचारलं.

"काढा ती नळी! आत्ताच्या आत्ता!"

"लिहून द्या," ताई म्हणाली. "आणि हँडल चालू राहील, हेही."

साहेबांनी खोकत खोकत त्याच मुलीच्या वहीवर लिहून दिलं.

नळी निघाली. भोक तसंच आहे. रबराला टाका बसत नाही. मुलं दिवसभर हँडल फिरवतात, भोकात बोटंही घालतात. ताई अजून माझ्याशी बोलत नाही. पाना हवा असला तरी सुताराकडे निरोप देते, आणि मी तिच्या शेजारच्याच स्टुलावर बसलेलो असतो.