सरकारचा एक हात

केळीच्या खोडांपासून धागा काढणाऱ्या फैजपूरच्या कंपनीची वार्षिक सभा होती, आणि कंपनी सचिव म्हणून संघमित्राची ती पहिलीच. एक्कावन्न टक्के शेअर राज्य सरकारचे, बाकीचे केळी बागायतदारांचे. सरकारतर्फे धुळ्याहून वना अहिरे साहेब आले आणि थेट पहिल्या रांगेत बसले. संघमित्राने त्यांच्याकडे राज्यपालांतर्फे मत देण्याचं अधिकारपत्र मागितलं. ते कचेरीतच राहिलं होतं.

अध्यक्ष मोहनलालशेठ तिच्या कानाशी लागले. सरकारला कुणी कागद मागतं का?

"शेठ, इथे सरकारही एक सभासद आहे. पत्राशिवाय मत देता येणार नाही," ती हळूच म्हणाली.

अहिरे साहेब रागावले नाहीत. त्यांनी धुळ्याला फोन लावला. चहा फिरेपर्यंत पत्र ईमेलवर आलं.

मग ठराव निघाला, धागा काढायचं दुसरं यंत्र तिकडे धुळे जिल्ह्यात, नरडाण्याला बसवायचं. बऱ्हाणपूरचे बागायतदार प्रेमराज उठले, पण बोलावं की नाही असे घुटमळले. आपण मध्य प्रदेशातले, महाराष्ट्र सरकारच्या कंपनीत आपलं मत चालेल का, असं त्यांनी विचारलं. संघमित्राने सांगितलं की कंपनी कायदा साऱ्या देशाला एकच. शेअर ज्याचा, मत त्याचं, गाव कुठलंही असो. तेव्हा प्रेमराज मोकळेपणाने बोलले. ओली खोडं दोन दिवसांत कुजतात, ती एवढ्या लांब नेऊन धागा कसला निघणार?

हात वर झाले. ठरावाच्या बाजूने तिघांचेच, त्यात एक अहिरे साहेबांचा. विरोधात उरलेलं सभागृह. सरकार हरलं म्हणून सगळे हसू लागले.

संघमित्राच्या मनात आलं, आता गप्प राहावं. बागायतदारांत बसलेल्या तिच्या वडिलांचा हातही विरोधातच होता. पण तिला राहवलं नाही.

"साहेब, हात मोजताना सरकारचा एकच धरतात. शेअरप्रमाणे मतदान मागितलंत, तर मात्र तुमचं एक्कावन्न टक्के. तो हक्क तुम्हाला आहे."

वडिलांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. अहिरे साहेबांनी पत्र पुन्हा वाचलं. मत कसं द्यायचं, हा निर्णय त्यात त्यांच्यावरच सोडलेला होता.

"प्रेमराजभाऊ बोलले ते बराबर शे," ते म्हणाले. "मतदान नको."

ठराव पडला. जेवताना अहिरे साहेबांनी शेवभाजी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि वडिलांनी स्वतः उठून ती वाढली.