आयेशाचं शेत

गनी मुलाणीला कुणी विचारायचा अवकाश, सल्ला तयारच असायचा. न विचारणाऱ्यालाही मिळायचा. आणि विषय एकच, मोबाइल. रांजणगावच्या एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तो स्टोअर सांभाळायचा. शिरूरहून सकाळी कंपनीची बस निघाली की मागच्या सीटवर त्याची शाळा भरायची. चार्जिंग शंभर टक्के करू नका, जरा आधीच काढा. जाड कव्हर घालून चार्जिंगला लावू नका, बॅटरी फुगते. सकाळी सकाळी गुलाबाच्या फुलांचे फोटो येतात ना, ते तिथल्या तिथं उडवा, नाहीतर फोनचा पार उकिरडा होतो. यातलं निम्मं खरं आणि निम्मं यूट्यूबवर ऐकलेलं. पण गडी बोलायचा असा ठासून, की ऐकणारा मुकाट्यानं खिशातून फोन काढायचा.

इनामगावचा जयसिंग तेवढा त्याची खेचायचा. लाइनवर ऑपरेटर होता तो. म्हणायचा, "गनीमामा, आमची म्हैस पान्हा चोरती. तिला बी रीस्टार्ट मारू का?"

"मार की," गनी म्हणायचा. "पर आधी तुझा फोन दे इकडं. किती हँग होतोय. क्लिअर कॅश, क्लिअर डेटा, दोन बटणं दाबायची. नव्यासारखा पळतो का न्हाई बघ."

घरात मात्र त्याच्या सल्ल्याचा कायदा व्हायचा. त्यातला सगळ्यात कडक कायदा गेमचा. गेम खेळायचा तर खेळा, पण त्याला आपला नंबर द्यायचा नाही, ईमेल द्यायचा नाही. "नंबर दिला की बँक साफ," तो बोट नाचवून सांगायचा. पोरगी, आयेशा, हसायची. पण बापाचा शब्द तिनं कधी मोडला नाही.

ती आयेशा गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं.

कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला होती पोर. आधी तोंडावर सूज आली, मग पाय सुजले, आणि तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. डायलिसिसची सोय दौंडला झाली. आठवड्यातून दोनदा त्याची बायको शहाबानो लेकीला घेऊन पहाटेच्या एसटीनं दौंड गाठायची. गनीला जाता यायचं नाही. औषधपाण्याचं कार्ड नोकरीवर चालत होतं, आणि खाडे झाले तर नोकरीच जायची भीती. नवऱ्यानं कंपनीत उभं राहायचं आणि बायकोनं मशीनपाशी बसायचं, अशी त्या दोघांनी वाटणी करून घेतली होती. करणार काय.

मशीनवर घेतलं की आयेशाचा हात सुईला बांधलेला. हलवायचा नाही. चार-चार तास छताकडं बघत किती पडायचं माणसानं? तिच्या फोनमध्ये शेतीचा एक गेम होता. मुलाण्यांच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर ढेकूळसुद्धा नाही, आणि ही बया मोबाइलमध्ये बागायतदार झालेली. हात हलत नाही म्हणून तिनं आईला कामाला लावलं. "अम्मी, त्या वाफ्याला पाणी दे. अम्मी, कोंबड्यांना दाणे टाक. अगं तिथं न्हाई, पलीकडं." शहाबानोला धड वाचता येत नव्हतं, पण चित्रं कळायची. लेक सांगायची आणि आई बोट फिरवायची. दौंडच्या त्या गार खोलीत मायलेकींनी असं शेत पिकवलं.

आयेशा गेल्यावर शहाबानोनं ते सोडलं नाही. सकाळची नमाज झाली की लेकीचा फोन घेऊन ओट्यापाशी बसायची. कोंबड्यांना दाणे टाकायची, वाफे भिजवायची, पिकलेलं काढायची. ओठ हलत असायचे. कुणाशी बोलते हे गनीला कळायचं, पण तो डबा घेऊन गुमान बाहेर पडायचा. बोलायला गेलो तर आपणच ढासळू, अशी भीती होती त्याला. फोनविषयी दिवसभर तोंड चालवणारा माणूस लेकीविषयी एक शब्द काढत नव्हता.

एका रविवारी शहाबानो म्हणाली, "अवो, ह्यो फोन लई अडकतोय. दाणे टाकायला गेलं की चित्र हलतच न्हाई."

"आण इकडं," गनी म्हणाला. त्याला बरंच वाटलं. त्या शेताशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. निदान फोन तरी दुरुस्त करून देऊ, असं त्याच्या मनात आलं. शहाबानो भाकरी थापायला गेली. त्यानं सेटिंग उघडलं, गेम शोधला आणि अख्ख्या बसला शिकवलेली ती दोन बटणं दाबली. क्लिअर कॅश. क्लिअर डेटा. फोननं एकदा विचारलं, नक्की का? नक्की, म्हणून त्यानं तेही दाबलं.

मग गेम उघडला. झटक्यात उघडला, नव्यासारखा. समोर मोकळं माळरान होतं. वाफे नाहीत, कोंबड्या नाहीत, घर नाही. डोक्यावर टोपी घातलेला एक चित्रातला शेतकरी हसत हात हलवत होता आणि नव्या मालकाचं नाव विचारत होता.

 गनीनं गेम बंद केला, उघडला, परत बंद केला. "आलोच," एवढंच बोलून फोन खिशात घातला आणि पायात चपला सरकवून तो तडक बाजारपेठेत गेला. तिथं नाझिया अत्तारचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान होतं. बसमधल्या निम्म्या लोकांना त्यानंच त्या दुकानात धाडलेलं.

नाझियानं फोन बघितला, चार-दोन ठिकाणी बोट फिरवलं आणि विचारलं, "मामा, ह्यात लॉगिन कशानं केलं हुतं? नंबरनं का ईमेलनं?"

"नंबर न्हाई दिला. आमच्यात देत न्हाईत."

"म्हंजी गेस्ट म्हणून खेळत हुते." तिनं फोन काउंटरवर ठेवला. "गेस्टचं सगळं ह्या फोनमधीच आसतंय, मामा. कंपनीकडं त्याचं काय बी नसतंय. नंबर टाकला आसता तर आत्ता लगी काढून दिलं आसतं. डेटा उडवला की संपलं."

"कायच न्हाई व्हायचं?"

"न्हाई, मामा. कुणी करायला सांगितलं हे?"

"घरातल्याच एकानं," गनी म्हणाला.

घरी येईपर्यंत तो एकच हिशेब घोकत होता. पोरीनं नंबर टाकला नाही तो त्याच्या धाकानं. आणि उडवलं ते त्याच्याच हातानं. दोन्ही सल्ले त्याचेच, कुणाकडं बोट दाखवणार? दारात शहाबानो उभी होती. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि खरं सांगणं त्याच्यानं झालं नाही.

"सर्व्हरचं काम चाललंय," तो म्हणाला. "गेमच्या कंपनीत. म्हणून मोकळं रान दिसतंय. येईल परत."

"कवा?"

"येईल. तवर तू तिथं हात लावू नको. काय पेरलंस तर जुनं यायचं न्हाई."

"बरं," शहाबानो म्हणाली. "तुम्हाला त्यातलं कळतंय."

शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. त्या दिवसापासून ती रोज सकाळी फोन उघडायची, त्या माळरानाकडं बघायची आणि बंद करून ठेवायची. हात लावू नको म्हटलं होतं ना, तर बोटसुद्धा टेकवायची नाही. गनी दुसऱ्या खोलीतून बघायचा. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडे गेले. बसमध्ये त्याची शाळा बंद पडली. जयसिंगनं एकदा विचारलं, "मामा, तब्येत बरी हाय ना?" तर तो खिडकीबाहेर बघत राहिला. जयसिंगनंही मग चेष्टा थांबवली.

दौंडला शहाबानोच्या सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. दोन दिवस आधी यायचं, असा बहिणीचा फोनवर फोन. निघायच्या दिवशी गनी कपडे घालून तयार झाला. बघतो तर ही ओट्यापाशी घरच्याच लुगड्यात बसलेली.

"तुम्ही जावा," ती म्हणाली. "मी न्हाई येत."

"आगं सख्खी भाची हाय तुझी."

"व्हय. पर मी तिकडं गुतले, आन् फोनात शेत आलं तर? लग्नाच्या गलक्यात मला कुठलं बघायला हुतंय? किती दिस उपाशी हायत कोंबड्या. आल्या आल्या दाणे नकोत टाकायला?"

गनी मटकन तिच्यासमोर खाली बसला. आता मात्र त्याला राहवलं नाही.

"शहाबानो, शेत यायचं न्हाई," तो म्हणाला. "सर्व्हर-बिर्व्हर काय न्हाई. म्या उडवलं ते. फोन नीट करायला गेलो आन् म्याच उडवलं."

 त्यानं सगळं सांगितलं. बटणं सांगितली, नाझिया काय म्हणाली ते सांगितलं, नंबर टाकला असता तर शेत परत मिळालं असतं, हेसुद्धा सांगितलं. काही लपवलं नाही. 

तिनं फोन दोन्ही हातांत घट्ट धरला. मग म्हणाली, "त्याच दिशी सांगायचं हुतं. मी रोज वाट बघत हुते."

"व्हय."

"माणूस जातंय ते कळलं हुतं मला. मी येडी न्हाई. पर रोज सकाळी ती मला काम सांगायची. हे कर, ते कर. आता कोण सांगंल?"

 गनीनं तिच्या हातातला फोन घेतला आणि बाजूला ठेवला. "मला सांग," तो म्हणाला. "काय काय हुतं तिथं ते मला सांग. म्या एकदा बी बघितलं न्हाई."

पहिल्यांदा ती मान हलवत राहिली. मग हळूहळू सांगू लागली. फाटकापाशी शेवग्याचं झाड. त्याच्या बाजूला मिरच्यांचे वाफे, कारण आयेशाला तिखट बंद केलं होतं आणि ती म्हणायची, खायला नाही तर निदान पिकवू. कोंबड्यांना तिनं सगळ्या मावश्यांची नावं दिली होती. जिच्या पोरीचं लग्न निघालं होतं त्या बहिणीची कोंबडी भांडखोर. हे सांगताना शहाबानोला जरा हसू आलं आणि लगेच डोळे भरले. घर छोटं, पण रंग पिवळा, पोरीच्या आवडीचा.

"आन् दारात तुम्ही," ती म्हणाली.

"मी?"

"एक माणूस मिळायचा त्या गेममधी, कुठं बी उभा करायचा. त्याला तिनं अब्बू नाव दिलं हुतं, आन् घराच्या दारात उभा केला हुता. मी म्हणलं, ह्याला नांगरायला तरी लाव, फुकटचा उभा हाय. तर म्हणाली, नको अम्मी, अब्बूंना दारातच राहू दे. अब्बू दारात आसले की घरातलं कायच हरवत न्हाई."

गनीनं तोंडावर हात घेतला. पोरीला मातीत ठेवताना दहा जणांनी धरलं होतं त्याला, तरी तो रडला नव्हता. आता धरायला कुणी नव्हतं. तो ओट्याला टेकून लहान पोरासारखा हमसून हमसून रडू लागला. शहाबानो उठून त्याच्याजवळ येऊन बसली. दौंडची एसटी त्या दिवशी दोघांचीही चुकली.