मावशीचा जबाब

मी एका वकीलबाईंकडे टायपिंग करते. त्या गुरुवारी माझी सुट्टी होती, पण एक अर्ज अर्धवट राहिला होता म्हणून बाईंना न सांगताच आतल्या फायलींच्या खोलीत येऊन बसले होते. बाहेर कुणीतरी आलं. आवाज ऐकला आणि माझे हात थांबले. माझ्या ताईची मुलगी, बारकी. सोळा वर्षांची.

"मावशीला कळणार नाही ना?" तिने आधी तेच विचारलं. माझी सुट्टी बघूनच आली होती.

वकीलबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं.

"मला घर सोडायचंय," बारकी म्हणाली. "पळून नाही जायचं, शाळा बुडेल. कायद्याने काय करता येतं?"

बाईंनी सावकाश सांगितलं. अठरा पूर्ण होईपर्यंत स्वतःच्या मर्जीने वेगळं राहता येत नाही. पण घरात मारहाण होत असेल तर मुलांच्या संरक्षण कार्यालयात तक्रार करता येते, त्याला आईवडिलांची परवानगी लागत नाही. डॉक्टर तपासतात. मग न्यायाधीश तुझंही म्हणणं ऐकतात आणि वसतिगृहात नाहीतर भरवशाच्या नातेवाइकाकडे राहायची सोय लावतात.

"असं कुणी आहे तुझं?"

पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मावशी आहे. पण ती मला परत नेऊन सोडते."

खरं होतं. दोनदा सोडलं होतं. दुसऱ्या खेपेला तिचं कोपर सुजलं होतं. मी बर्फ लावला, वेणी घालून दिली आणि हाताला धरून घरी नेलं. दारात भावोजी हसून म्हणाले, "फार लाडावून ठेवलीस गं हिला." मीही हसले. ताईचा संसार मोडायला नको, अशी मनाची समजूत घातली. आणि रोज परक्या बायकांच्या मारहाणीचे अर्ज टाइप करत राहिले.

मी बाहेर आले. मला बघताच बारकी उठली, दप्तर छातीशी धरून.

"बस गं. मी कुठेही नेत नाही तुला."

तिचा विश्वास बसला नाही. का बसावा?

"साक्ष देशील?" बाईंनी मला विचारलं. "काय पाहिलंस, आणि पाहून काय केलंस, दोन्ही लिहावं लागेल."

माझा जबाब मीच टाइप केला. 'परत नेऊन सोडले' हे दोनदा खोडलं. बाई मागे उभ्या होत्या. "राहू दे ते," एवढंच म्हणाल्या.

तक्रार झाली. बारकीला तात्पुरतं वसतिगृहात ठेवलं. तीन आठवड्यांनी न्यायाधीशांनी माझा जबाब सगळ्यांसमोर वाचला. भावोजी म्हणाले, हा घरातला मामला आहे. ताई खाली मान घालून बसली होती. मला तर धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. ताई निदान स्वतःही त्याच घरात मार खात होती. मी माझ्या घरी सुखाने झोपत होते.

न्यायाधीशांनी बारकीला विचारलं, "तुला कुठे राहायचंय?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशीकडे चालेल. पण परत नेणार नाही, असं तिने लिहून द्यावं."

एवढी वर्षं टायपिंग केलेली मी. त्या दिवशी हाताने चार ओळी लिहिताना अक्षर धड येईना. सही केली.

ती माझ्याकडे आली त्याला आता आठ महिने झाले. अजूनही मी "चल, बाहेर जाऊन येऊ" म्हटलं की ती आधी विचारते, "कुठे?" मी रस्ता सांगते, दुकान सांगते, किती वाजता परत येऊ तेही सांगते. मग ती चपला घालते.