एकवीस ओट्यांचा भात

मी एक जुना पितळी गंज आहे, मित्रांनो. आमच्या भंडाऱ्याकडं भात शिजवायच्या पातेल्याला गंज म्हणतात. भंडाऱ्याच्या एका दुकानात मला ठोकून ठोकून गोल केलं, आतून कल्हई चढवली आणि बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलं, 'सोमाजी'. त्या सोमाजीनं मला आजवर एकदाही घासलं नाही. नाव मात्र त्याचंच.

आंधळगावजवळच्या त्याच्या घरी मी आलो आणि चुलीवरच राहिलो. दहा माणसांचा भात एका दमात शिजवायचो. लग्नाच्या पंगतीला लोक मला मागून न्यायचे, परत देताना म्हणायचे, गंज असावा तर असा. मी फुगायचो. पितळेला फुगता येत नाही, पण मी फुगायचो.

माझ्या शेजारी डाळीचं भांडं असायचं, एवढंसं. आधी सोमाजी जेवायचा आणि त्याचा मुलगा प्रितम, मग सासूबाई रुखमिणी. तोवर डाळीचं भांडं ठणठण वाजायला लागायचं. सगळ्यात शेवटी बसायची सून हर्षा. तिच्यासाठी मी होतो. माझ्या बुडाची खरवड, वर मीठ, जोडीला तिखट. चार वर्षं ती तेच जेवली. अंगानं भरली, तर लोक म्हणाले, सासरी खाऊनपिऊन सुखी आहे.

पण तिची पाळी तीन-तीन महिने यायची नाही. मूलही होईना. रुखमिणीनं सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर माहेरी नेऊन सोडू.

हर्षा प्रितमला घेऊन भंडाऱ्याला भावना डॉक्टरकडं गेली. मला हे कसं माहीत? मला घासताना ती सगळं मलाच सांगायची, घरात दुसरं कोणी ऐकत नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, नुसत्या भातानं रक्तातली साखर चढते, शरीर तिला आवरता आवरता थकतं, मग पाळीचं गणित बिघडतं. भात सोडायचा नाही, कमी करायचा. डाळ, भाजी, अंडं वाढवायचं. रोज चालायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. तिनं कागदावर ताट काढून दिलं: अर्ध्या भागात भाजी, पाव भागात डाळ, पाव भागात भात. प्रितमलाही तपासणी सांगितली. तेव्हा त्याला एकदम आठवलं की युरिया आणायचाय.

हर्षानं तो कागद चुलीवरच्या भिंतीला खळीनं चिकटवला. स्वयंपाक झाला की स्वतःची डाळीची वाटी आधीच बाजूला काढून झाकून ठेवू लागली. पहाटे बांधावरून चालून यायची. दुसऱ्या महिन्यात पाळी आली, तिसऱ्यातही वेळेवर आली. त्या दिवशी तिनं मला चिंचेनं इतकं घासलं, की मला माझ्यातच तिचं हसू दिसलं.

मग सोमाजीच्या ताटात डाळ कमी पडली.

"सून डाळ चोरून राहिली," रुखमिणी गल्लीत सांगून आली. आणि औषध तिनंच ठरवलं: एकवीस सवाष्णींकडून हर्षाची ओटी भरायची. तांदळानं. नेम असा की ओटीचा तांदूळ जिची ओटी तिनंच खायचा, दुसऱ्याच्या तोंडी दाणाही जाता कामा नये.

गाव मायाळू. कोणी पसाभर आणला नाही, सगळ्यांनी टोपलं भरून आणला, एकीनं तर चिन्नोर तांदळाचा कट्टा, अख्खं पोतंच उचलून आणलं. हर्षाचा पदर फाटला. तो सगळा तांदूळ शिजवायचा मान मला मिळाला. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी गुळाची खीर. माझ्या वाफेनं भिंतीवरची खळ सुटली आणि डॉक्टरणीचा कागद माझ्यात पडून भाताबरोबर शिजला. त्या आठवड्यात हर्षाच्या वाट्याला भाजी आली ती तेवढीच, कागदावरची.

दोन महिन्यांत पाळी पुन्हा बंद झाली. रुखमिणी आनंदानं नाचली. ओटी फळली म्हणून तिनं माझ्यात खीर रांधून गल्लीभर वाटली. हर्षा सांगत होती, आधी तपासू द्या. कोणी ऐकलं नाही. भंडाऱ्याला तपासलं तर पोटात बाळ नव्हतं, रक्तात साखर होती.

खीर खाल्लेल्या गल्लीला आता काय सांगायचं? दोषी सापडला: मी. माझी कल्हई उडाली म्हणून मी अपशकुनी. मला गोठ्यात टाकलं, म्हशीचा कोंडा कालवायला.

ती म्हैसही दोन वर्षं गाभण राहत नव्हती. गुरांचा डॉक्टर आला, माझ्यात डोकावला आणि म्हणाला, "नुसता धानाचा तणस न् कोंडा खाऊन म्हैस गाभण कशी राहीन, बाई? ढेप द्या. मोकळी फिरवा."

रुखमिणीनं मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी ढेपेचं, म्हणजे सरकीच्या पेंडीचं पोतं आलं. म्हशीची ओटी कोणी भरली नाही.

हर्षा माझ्यात ढेप भिजवत होती. सासू मागं उभी होती.

"आई, मले म्हशीएवढं तरी खाऊ द्या," ती म्हणाली.

रुखमिणीनं ढेपेच्या पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "जनावरावर नजर नको लावू, पोरी."

दिवाळी झाली. म्हैस गाभण राहिली. प्रितमनं हर्षाला माहेरच्या एसटीत बसवून दिलं आणि म्हशीसाठी ढेप घेऊन परत आला. तपासणीला तो अजून गेलेला नाही. जाताना हर्षा गोठ्यात आली होती. तिनं मला घासलं, पालथं ठेवलं, सोमाजीच्या नावावरून हात फिरवला.

मित्रांनो, मी आता हिरवा पडलोय. मला घासा, कल्हई करा, असं म्हणायचं माझं वय गेलं. एकच करा. आज जेवायला बसाल तेव्हा घरात शेवटी कोण जेवतं ते बघा, आणि तिच्यासाठी काय उरलंय ते डाळीच्या भांड्यात डोकावून बघा. भाताच्या भांड्यात बघू नका. तिथं नेहमीच उरतं.